दोन काट्यांतला फरक

दादाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी होऊन बरीच वर्षं झाली होती. आधी तो छापखान्यात मशीनवर होता. "आयुष्यभर मी मशीन चालवलं, आता मशीन मला चालवतंय," असं तो आल्यागेल्याला हसून सांगायचा. एक दिवसाआड दवाखान्याच्या डायलिसिस केंद्रात जायचं, खुर्चीत पडून राहायचं, रक्त नळीतून बाहेर काढून धुऊन परत आत घ्यायचं आणि घरी येऊन पिळून टाकलेल्या कपड्यासारखं अंथरुणावर पडायचं. हे सगळं त्यानं निमूटपणे सोसलं. पण एकदा शेजारच्या खुर्चीतला माणूस, ज्याच्याशी त्याची नेहमीची थट्टामस्करी चालायची, बोलता बोलता मान टाकून गेला. सुया अजून हातातच होत्या. त्या दिवशी घरी आल्यावर दादा बायकोला म्हणाला, "मरायचंच असेल तर घरी मरेन. त्या खुर्चीत नाही."

बायको शिवणकाम करायची. दादाचा धाकटा भाऊ तिला वहिनी म्हणे, म्हणून गल्लीतली लहानथोर सगळीच तिला वहिनी म्हणू लागली होती. त्यांना मूलबाळ नव्हतं. तिनं दवाखान्यात चौकशी केली तेव्हा कळलं, की घरी कुणी शिकायला तयार असेल तर मशीन घरीच देतात. ती म्हणाली, "मी शिकते." सुई टोचायची कशी, नळ्या भरायच्या कशा, रक्तदाब पडला तर काय करायचं, हे सगळं तिला केंद्रातल्या सिस्टरनं शिकवलं. सिस्टर कडक होती. चुकलं की हात बाजूला सारायची आणि पहिल्यापासून करायला लावायची.

शेवटी सिस्टर त्यांच्या घरी आली, ती पाण्याचं शिकवायला. न्हाणीघराच्या भिंतीवर दवाखान्याच्या माणसानं दोन मोठे फिल्टर बसवले होते. पहिल्यात गाळ अडायचा, दुसऱ्यात कोळसा होता. तिथून पाणी पुढच्या बारीक फिल्टरात आणि मग मशीनकडे. दोन मोठ्या फिल्टरांच्या अलीकडे एक गोल गेज, पलीकडे दुसरं.

"शहराच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं," सिस्टर म्हणाली. "आपण पितो तेव्हा काही होत नाही, मध्ये पोट असतं. इथं पिंपभर पाणी रक्ताच्या अगदी शेजारून वाहतं, मध्ये कागदापेक्षा पातळ पडदा. ते औषध पुढच्या बारीक फिल्टरातूनही सुटतं. अडवतो तो फक्त हा कोळसा. तो चुकवून पाणी गेलं तर रक्त फुटतं. कळलं?"

"कळलं."

"मग आता गेज वाचा."

"हे साडेतीन. हे तीन."

"म्हणजे काय?"

वहिनीनं दोन्ही गेज पुन्हा एकदा बघितली.

"एकटं गेज कधी बघायचं नाही. दोन्ही बघायची आणि मधला फरक बघायचा. फिल्टरातून जाताना पाण्याला जोर लागतो, म्हणून पलीकडचा काटा थोडा खाली असतो. फरक वाढला म्हणजे फिल्टर तुंबला. आणि फरक उरलाच नाही, दोन्ही काटे सारखेच दिसायला लागले, तर खूश व्हायचं नाही. पाणी फिल्टरातून जातच नाहीये, दुसऱ्या वाटेनं पळतंय, असं समजायचं. तेव्हा मशीन लावायचं नाही. काय वाटेल ते झालं तरी."

ती दुसरी वाटही सिस्टरनं दाखवली. फिल्टर बदलताना घरातलं पाणी बंद पडू नये म्हणून मागच्या बाजूनं, अगदी जमिनीलगत, एक नळी फिल्टरांना वळसा घालून गेली होती. तिच्यावर उघडबंद करायची एक चावी होती आणि चावीला प्लास्टिकची पिवळी पट्टी आवळून बांधली होती. "ही आमच्या माणसाशिवाय कुणी उघडायची नाही," सिस्टर म्हणाली.

मागे दारात उभा राहून दादाचा धाकटा भाऊ हे सगळं ऐकत होता. त्याला घरचे खटपट्या म्हणत. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तो कामाला होता आणि हातात पाना नसला की त्याला चैन पडत नसे. घरातलं कुठलंही यंत्र त्यानं एकदा तरी उघडून बघितलेलं असायचं. त्यातली निम्मी तरी पुन्हा चालू लागायची.

पण खटपट्या या घरात इतका राबत होता, त्याला दुसरंही कारण होतं. आजार नवा असताना सगळ्या तपासण्या झाल्या, तेव्हा त्याचं मूत्रपिंड दादाला जुळलं होतं. "घे रे, मला एक पुरतं," असं तो स्वतःच म्हणाला होता. ऑपरेशनची तारीख ठरली, दादा दवाखान्यात दाखल झाला, आणि खटपट्या आलाच नाही. फोन बंद. दोन दिवस तो कुणा मित्राकडे लपून बसला होता. मग आला आणि दादाच्या खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. दादाच म्हणाला, "अरे, तुझा माल तुझ्यापाशीच बरा. वॉरंटी नव्हती त्याला." वॉर्डातले सगळे हसले. खटपट्या रडला. त्यानंतर त्या घरात हा विषय कुणी काढला नाही. पण तेव्हापासून नळ गळो, पंखा अडो, दाराची बिजागरी करकरो, खटपट्या हजर. वहिनी त्याला कधी टाकून बोलली नाही. बोलायचं मनात नव्हतं, असं मात्र नाही.

घरचं डायलिसिस छान चाललं. दादाच्या तोंडावर तजेला आला. मशीन चालू असताना तो वहिनीला कपड्यांची बटणं लावून द्यायचा, एका हातानं. "डाव्या हाताचं काम आहे हे माझं," म्हणायचा. वहिनी दर वेळी आधी पाणी तपासायची. पाण्यातलं औषध ओळखणारी कागदी पट्टी बुडवून रंग बघायची, मग न्हाणीघरात जाऊन दोन्ही गेज बघायची. साडेतीन, तीन. काचेवर नखानं टिचकी मारायची सवय तिला खटपट्यानं लावली होती, काटा अडकला असेल तर हलावा म्हणून.

मग त्यांच्या भागात रस्त्याचं खोदकाम निघालं. कुठलीशी केबल टाकायची होती. खोदणाऱ्या यंत्राचा दात पाण्याच्या मोठ्या पाइपात घुसला आणि कोपऱ्यावर तळं साचलं. पाइप जोडला, पण त्यानंतर नळाला चहाच्या रंगाचं पाणी यायला लागलं. पाणीखात्याची गाडी फिरून गेली. पाण्यात औषधाचं प्रमाण वाढवलंय, वास आला तरी घाबरू नका, असं ओरडून सांगून गेली.

वहिनीला उजव्या, म्हणजे फिल्टरांच्या पलीकडच्या, गेजचा काटा उतरलेला दिसला. आधी अडीच, मग दोन. डावं जिथल्या तिथे. फिल्टर गाळानं भरत चालला होता. तिनं दवाखान्यात फोन केला. सिस्टर म्हणाली, सगळ्या भागाचीच ही रड आहे, आमचा माणूस फिल्टर घेऊन घरोघर फिरतोय, तुमचा नंबर लागेल तेव्हा येईल.

त्या दुपारी तिनं मशीन लावलं खरं, पण सुरुवात होते न होते तोच ते कोकलायला लागलं. पाण्याचा दाब कमी. बंद केलं, पुन्हा लावलं, पुन्हा तेच. उजवा काटा एकच्याही खाली गेला होता. दादाच्या हातातल्या सुया तिनं तशाच काढल्या. रक्त धुतलंच गेलं नाही.

"केंद्रात आणा त्यांना," सिस्टर फोनवर म्हणाली. "मी खुर्ची ठेवते."

"मी नाही जाणार," दादा म्हणाला.

"अहो, एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"तू मला तिथं नेलंस तर मी वाटेत उतरेन. सांगून ठेवतो."

ती काकुळतीला आली, रागावली, रडली. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. दुसऱ्या दिवसापर्यंत त्याच्या पायांवर सूज आली. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. श्वास घ्यायला उशा रचून बसावं लागत होतं. तरी त्याचा हेका सुटला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनीनं पाणी पट्टीनं तपासलं. पट्टीला रंग चढला नाही. कोळसा आपलं काम चोख करत होता, पण पाणीच पुरेसं येत नव्हतं. ती म्हणाली, "संध्याकाळपर्यंत दवाखान्याचा माणूस आला नाही तर मी अँब्युलन्स बोलावणार. उचलून नेतील तुम्हाला. मग ओरडा किती ओरडायचं ते." तिला एका गिऱ्हाइकाचे कपडे पोचवायचे होते, त्यांच्याकडे लग्न होतं, टाळता येत नव्हतं. तिनं खटपट्याला फोन करून दादापाशी येऊन बसायला सांगितलं आणि ती गेली.

परत आली तेव्हा खटपट्या घरात नव्हता. दादा मात्र दाढी करून, बाही वर सारून, मशीनशेजारच्या खुर्चीत बसला होता. श्वास लागलेलाच होता, पण डोळ्यांत चमक होती.

"झालं काम," तो म्हणाला. "जा, बघ."

ती न्हाणीघरात गेली. डावा काटा साडेतीनवर होता. उजवाही साडेतीनवर होता.

तिनं टिचकी मारली. काटा हलला नाही. पुन्हा मारली. दोन्ही काटे जुळ्यांसारखे एकाच बाजूला मान करून उभे होते. सिस्टरचं बोलणं तिला आठवलं नाही असं नाही. अक्षरन् अक्षर आठवलं.

"भावोजींनी काय केलं?" तिनं तिथूनच विचारलं.

"फिल्टर काढून धुतला. किती गाळ निघाला म्हणून सांगू! बादलीभर. आता नव्यासारखा झालाय."

"पण फरक काहीच नाही दोन्हींत."

"धुतलेल्या फिल्टरात कसला फरक असणार? तुंबलाय कुठे तो आता?"

ती बाहेर आली. "नव्यातही थोडा असतो. पहिल्या दिवशी होता. मी पाणी परत तपासते."

"सकाळी तपासलंस ना? तेच पाणी आहे." त्याला पुढचं बोलायला थांबावं लागलं. मग दम खाऊन म्हणाला, "अगं, मला श्वास घेता येत नाहीये. आणि तू गेजशी वाद घालत बसलीस. लाव ना मशीन. लाव."

खटपट्याला विचारावं म्हणून तिनं फोन लावला. तो लागला नाही. लिफ्टच्या खड्ड्यात उतरला की त्याचा फोन लागत नसे, हे तिला माहीत होतं. दादा तिच्याकडे बघत होता. त्याचे ओठ निळसर दिसत होते. तिनं हात धुतले आणि सुया घेतल्या.

मशीन एकदाही कोकललं नाही. पहिला काही वेळ दादा डोळे मिटून शांत पडला होता. तीही जरा टेकली. मग तो म्हणाला, "कंबर दुखतेय." तिनं पाठीमागे उशी सारली. "नाही गं, आतून. आणि छातीत..." त्याला उलटीची उबळ आली. भांडं धरायला ती वळली आणि तिची नजर नळीवर गेली. नेहमी नळीतलं रक्त दाट, काळपट असतं. आता ते लाल सरबतासारखं दिसत होतं. आरपार. नळीमागचा चादरीचा चौकडा त्यातून दिसत होता.

तिनं मशीन बंद केलं. दोन्ही नळ्यांना चिमटे लावले. रंग बदलला तर नळीतलं रक्त परत आत सोडायचं नाही, हे तिला घोकून घोकून शिकवलेलं होतं. तिचे हात ते बरोबर करत होते आणि तोंडानं ती कुणाला तरी हाका मारत होती. शेजारचा शिक्षक धावत आला. त्यानं अँब्युलन्स बोलावली.

दवाखान्यात दादाला अतिदक्षता विभागात नेलं. सिस्टर तिथेच आली. तिनं आधी वहिनीचे दोन्ही खांदे धरून तिला बाकावर बसवलं आणि मग विचारलं, "फिल्टरला कुणी हात लावला?"

निरोप मिळून खटपट्या तेवढ्यात पोचला होता. अंगावर कामाचेच कपडे, हाताला ग्रीस. तो म्हणाला, "मी लावला. मागची चावी उघडली. दाब वाढावा म्हणून. उद्या फिल्टर आला की बंद करणार होतो."

"पिवळी पट्टी?"

"कापली."

सिस्टरनं डोळे मिटले. "म्हणजे फिल्टर धुतलाच नाहीत?" वहिनीनं विचारलं.

"नाही."

वहिनी उठली. इतकी वर्षं गिळलेलं सगळं एकदम वर आलं. "एकदा त्यांना वाऱ्यावर सोडून पळालात," ती म्हणाली, "ते मी पोटात घातलं. तुमच्या हातचं पाणी प्यायले. तेव्हा जे अर्धं राहिलं होतं ते आज पुरं केलंत ना? आता समाधान झालं?"

व्हरांड्यातली माणसं बघत होती. खटपट्या मान खाली घालून उभा राहिला. सिस्टरनं त्याला बाहेर जायला सांगितलं, तेव्हा गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा थोडा शुद्धीवर आला. नाकावर ऑक्सिजन, चेहरा पिवळाधमक. डॉक्टरांनी वहिनीला आधीच सांगितलं होतं, की रक्तपेशी फार फुटल्यात, हृदयाला ते झेपत नाहीये. ती शेजारी बसली. त्यानं बोटानं तिला जवळ बोलावलं.

"खटपट्या कुठाय?"

"बाहेर असेल."

"मीच सांगितलं त्याला." तो एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा बोलत होता. "तो नको म्हणत होता. सिस्टर नको म्हणालीय म्हणत होता. मी हात जोडले त्याच्यापुढे. एकदाच कर म्हटलं, एवढ्या एका वेळेला. आणि वहिनीला कळू देऊ नकोस. धुतला म्हणून मी सांगतो तिला."

"का?"

"तू मशीन लावलं नसतंस."

"नसतंच लावलं."

"म्हणून तर." त्यानं हसायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. मग विचारलं, "त्याला काही बोललीस?"

वहिनीनं त्याच्या हातावरची पट्टी उगाचच नीट केली.

"नाही," ती म्हणाली. "काही नाही बोलले."

"बरं केलंस. तो मनाला लावून घेतो फार."

दुपारी दादा गेला.

माणसं आली, गेली. काय झालं हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण व्हरांड्यातलं वहिनीचं बोलणं तिथल्या तिथे राहिलं नव्हतं. दादाची आत्या, वयानं सगळ्यांत मोठी, घरात सगळ्यांसमोर म्हणाली, "आधी मूत्रपिंड दिलं नाही आणि आता जीव घेतला. सख्खा भाऊ म्हणे!" खटपट्या दाराबाहेर चपलांच्या ढिगापाशी उभा होता. त्याला ऐकू गेलं. वहिनी आत बसली होती. तिला फक्त तोंड उघडायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य बोलायचं तर आपल्या नवऱ्यानं शेवटच्या दिवशी आपल्याशी खोटं बोलून आपल्याच हातून स्वतःला सुई टोचून घेतली, हेही बोलावं लागलं असतं. आणि दोन्ही काटे सारखे दिसत असताना आपण मशीन लावलं, हेसुद्धा. ती बसून राहिली. तिला रागही होता. दादावर होता, पण दादावर रागावून उपयोग नव्हता, आणि भाऊ समोर उभा होता.

दवाखान्याच्या माणसांनी मशीन नेलं, भिंतीवरचे फिल्टर काढले, नळीची तोंडं बंद केली. सिस्टर सोबत आली होती. जाताना म्हणाली, "तुम्ही विचारलं होतं ना त्यांना? विचारलं होतंत. मग झालं." वहिनीनं मान हलवली. सिस्टर निघून गेल्यावर ती न्हाणीघरात जाऊन भिंतीतली स्क्रूंची भोकं बघत उभी राहिली.

खटपट्या पुन्हा घराकडे फिरकला नाही. वहिनीनं पुन्हा शिवणाला हात घातला. कपडा पुढे सरकत राही आणि ती त्याच्यावर पाणावल्या डोळ्यांनी वाकडीतिकडी टीप मारत राही, मग उसवत बसे. बटणं लावायचं काम आलं की परत पाठवी.

ऋतू बदलला तेव्हा एक दिवस खटपट्याच्या कंपनीतला एक जुना कामगार पँट आखूड करून घ्यायला आला. मापं देताना म्हणाला, "तुमच्या दिराला जरा समजवा. सुरक्षेचा पट्टा न बांधता लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरतो. वर डबा अधांतरी असताना खाली खड्ड्यात काम करतो. आम्ही ओरडलो तर म्हणतो, कुणाचं काय अडलंय. आमच्या साहेबानं दोनदा दम दिलाय. पण एखाद दिवस..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही.

वहिनीनं त्याच्या पायाशी बसल्याबसल्या तोंडातल्या टाचण्या काढल्या. "आज कुठे आहेत ते?"

ती एक अर्धवट बांधलेली उंच इमारत होती. खाली सिमेंटची पोती, वर उघडे जिने. तळमजल्यावर लिफ्टच्या दाराच्या जागी नुसतं भगदाड होतं आणि त्याला आडवी फळी लावलेली. वहिनी फळीपाशी गेली. खाली खड्ड्यात एक दिवा जळत होता आणि त्याच्या उजेडात खटपट्या पाठमोरा काम करत होता. पट्टा खरंच नव्हता.

"भावोजी," तिनं हाक मारली.

त्यानं वर बघितलं. मग शिडीनं वर आला आणि हात पुसत तिच्यापासून दोन हातांवर उभा राहिला.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्हाला त्यांनीच करायला लावलं. दवाखान्यात मला सांगितलं त्यांनी. पहिल्याच सकाळी."

खटपट्या तिच्याकडे बघतच राहिला. "तेव्हापासून माहीत आहे तुम्हाला?"

"हो."

"आत्या बोलली तेव्हा?"

"तेव्हाही माहीत होतं."

तो पोत्यांच्या थप्पीवर बसला. शिव्या देईल, निदान आवाज चढवेल, म्हणून ती तयारीनं आली होती. तसं झालं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

"तुम्ही गप्प का राहिलात?" तिनंच विचारलं. "त्यांचं नाव का घेतलं नाहीत?"

"कारण ते तेवढंच नव्हतं." तो हातातलं फडकं चोळत राहिला. "दादा म्हणाला म्हणून केलं, हे खरं. पण त्याला नाही म्हणता आलं असतं. चावी काय करते ते मला कळत नव्हतं थोडंच? सिस्टर बोलत होती तेव्हा मी दारातच होतो. वहिनी, इतक्या वर्षांत त्यानं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्या वेळी पळालो त्यानंतर एकदाही नाही. मीच आपला नळ दुरुस्त कर, दार दुरुस्त कर. आणि त्या दिवशी त्यानं माझ्यापुढे हात जोडले. मागितलं. आणि मला देता येण्यासारखं होतं ते. एक पट्टी कापायची, चावी आडवीची उभी करायची. मला... मला आनंद झाला, वहिनी. चावी फिरवताना मला बरं वाटलं."

वर कुठेतरी कुणीतरी हातोडी मारत होतं.

"मी त्याला उचलून केंद्रात नेऊ शकलो असतो," तो म्हणाला. "हलका झाला होता किती. पोत्याएवढासुद्धा नव्हता."

"मीही नेऊ शकले असते."

"तुम्हाला खोटं सांगितलं होतं."

"मला काटे दिसत होते, भावोजी."

तिनं त्याच्या कमरेकडे बघितलं आणि म्हणाली, "पट्टा बांधत जा." तो म्हणाला, "बांधीन." ती म्हणाली, "आता बांधा. माझ्यासमोर." त्यानं खुंटीवरचा पट्टा काढला आणि बांधला. कडी दोनदा निसटली. मग तो शिडीवरून खाली उतरला आणि ती निघाली.

तिथून ती सरळ आत्याकडे गेली. अंगात आलेलं बळ उतरायच्या आत सगळं सांगून टाकलं. दादानं हट्ट केला, दादानंच सांगितलं, दादा खोटं बोलला, आणि काटे बघूनही आपण मशीन लावलं. आत्या तिच्याकडे बघत ऐकत होती. तिचं बोलून झालं तशी म्हणाली, "गेलेल्या माणसाच्या डोक्यावर कशाला ढकलतेस गं? त्याला आता उत्तर देता येतंय थोडंच? दिराची दया येते ती समजू शकते मी. पण म्हणून असलं काही उठवू नकोस." वहिनीनं पुन्हा सांगायचा प्रयत्न केला. आत्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि थकलीस, जरा पड, म्हणाली.

शेजारच्या शिक्षकालाही तिनं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विषय बदलला. ज्यांनी ज्यांनी खटपट्याला दोष दिला होता त्यांना आपला दोष परत घ्यायची घाई नव्हती. हळूहळू तिनंही सांगायचं सोडलं.

खटपट्या अधूनमधून फोन करतो. पट्टा बांधला का, एवढंच ती आधी विचारते. हो म्हणतो. मग कामाचं, हवेचं, पँट आखूड करून नेलेल्या त्या कामगाराचं काहीबाही बोलतात. दादाचं नाव दोघंही घेत नाहीत. ती त्याला घरी या म्हणाली नाही आणि येऊ का, असं त्यानंही अजून विचारलेलं नाही. बोलणं संपलं तरी कुणी आधी फोन ठेवत नाही. पलीकडे लिफ्टचा डबा वर चढताना दोरांचा कुरकुर आवाज येत राहतो, आणि ती शिलाई मशीनच्या चाकावर हात ठेवून ऐकत बसते.